स्वागताचं जपानी गाणं

तो पहिल्यांदा आला, तो माझ्या ‘ग’वर पाय देऊनच.

‘ग’ चिंचोक्यांचा होता. ओसरीच्या फरशीवर मी खडूने हे एवढं मोठं अक्षर काढायची आणि मुलं त्या रेघेवर एकेक चिंचोका मांडत जायची. अक्षर आधी बोटांना कळलं, की डोळ्यांना कळायला वेळ लागत नाही. त्या दिवशी ‘ग’चा काना तेवढा राहिला होता. इतक्यात सर आली. लख्ख ऊन होतं, तरी आली. भाद्रपदात मुलुंडला डोंगराकडून पाऊस असाच येतो, न विचारता. आणि तसाच, न विचारता, एक उंच माणूस छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी धरून ओसरीवर चढला आणि थेट अक्षराच्या मधोमध उभा राहिला.

“पाय,” मी म्हटलं.

त्याने खाली पाहिलं. “ओले आहेत, सॉरी. पुसतो.”

“ओले असू देत. पायाखाली काय आहे ते बघा.”

“चिंचोके.”

“ग आहे तो,” सुगंधा म्हणाली. माझ्या बालवाडीतली ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात धीट मुलगी. “गवताचा ग. तुम्ही मोडला.”

तो खरोखरच ओशाळला. हातातलं गाठोडं बाजूला ठेवून उकिडवा बसला आणि चिंचोके मांडू लागला. बोटं लांब होती, नखांच्या कडांना कारखान्याचं तेल होतं, पण मांडणी सुबक. झाल्यावर त्याने वर पाहिलं... शाबासकीसाठी पाहावं तसं.

“उलटा आहे,” मी म्हटलं.

“नाही बाई, बरोबर आहे.”

“मुलांना उलटा दिसतोय.”

“ती त्या बाजूला बसलीत म्हणून. माझ्या बाजूने येऊन बघा ना.”

मला राग आला. आधी अक्षर मोडायचं, मग उलटं मांडायचं, आणि वर बाईंनाच जागा बदलायला सांगायचं. मी काही त्याच्या बाजूला गेले नाही.

तेवढ्यात सुगंधाने प्लॅस्टिक सोडवून आतल्या चकचकीत टू-इन-वनचं बटण दाबलं होतं.

गाणं लागलं.

बायकांचा आवाज होता, दोन-तीन जणींचा मिळून. शब्द छोटे, गोल. शांत पाण्यात एकेक खडा टाकावा तसे. चाल इतकी मऊ की ओसरीवरची पोरं गप्प झाली. माझी पोरं गप्प झाली, म्हणजे काय झालं हे बालवाडी चालवणाऱ्यालाच कळेल.

“कुठलं हो हे?” मी विचारलं. रागातच, पण विचारलं.

“जपानी,” तो म्हणाला. “स्वागताचं गाणं आहे.”

त्याचं नाव भीमराज. आग्रा रोडवरच्या शॉकअब्झॉर्बरच्या कारखान्यात फिटर होता. त्या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार झाला होता आणि काही कामगारांना सहा महिने तिकडे शिकायला धाडलं होतं, त्यातला हा एक. नुकताच परतला होता. टू-इन-वन आणि आतली गाण्याची कॅसेट तिकडूनच आणलेली, दुरुस्त करून घरी नेत होता.

आणि मला त्या दिवसांत नेमकं तसलंच गाणं हवं होतं.

त्याचं असं. माझी बालवाडी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर भरायची. विहार म्हणजे एकच खोली, तीही गळकी. पाऊस तिरपा लागला की मुलांना भिंतीशी ढकलत, ढकलत मी ‘क’पासून ‘ग’पर्यंत यायची. वस्तीला लागूनच त्या कारखान्याची जुनी कॅन्टीनची शेड रिकामी पडली होती. पक्कं छप्पर, सिमेंटची जमीन, पाण्याचा नळ. ती मिळावी म्हणून कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांकडे, शरच्चंद्र साहेबांकडे, माझ्या चपला झिजल्या होत्या. शेवटी ते म्हणाले होते, “बाई, पुढच्या महिन्यात जपानी पाहुणे येतायत. कामगारांची मुलं दाखवायचीत. त्याच शेडमध्ये कार्यक्रम ठेवू. मुलांनी झकास काहीतरी केलं, पाहुणे खूश झाले, तर मी मोठ्या साहेबांकडे विषय काढतो.”

तेव्हा ‘स्वागताचं’ हा शब्द ऐकताच माझा राग जरा बाजूला सरकला.

“अर्थ नक्की ठाऊक आहे ना?” मी विचारलं.

“शंभर टक्के. बाई, सहा महिने रोज ऐकलंय मी. तिथे एक मोठं दुकान होतं, मजल्यावर मजले. संध्याकाळी मी गेलो की हे गाणं लागायचं आणि दाराच्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या राहून वाकायच्या. इतक्या.” तो कमरेत काटकोनात वाकला. मुलं हसली. “स्वागत नाही तर काय?”

आता यात शंका कुणाला यावी? सिनेमाच्या कृपेने अख्ख्या मुंबईला एकच जपानी शब्द येतो, सायोनारा. आणि तो त्या गाण्यात नव्हता. मी कान देऊन ऐकलं होतं.

“पहिल्या ओळीत काय म्हणतात?”

“या, या.”

“आणि दुसऱ्या?”

“बसा.”

“दुकानात बसा म्हणतात?”

“जपानी लोक फार सभ्य असतात, बाई.”

मग तो रोज येऊ लागला. पहिली पाळी सुटली, कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळात ओसरीच्या कोपऱ्यावर त्याची निळी कॉलर दिसायची. चप्पल काढायचा, फरशीवर अक्षर नाही ना हे बघायचा आणि मगच पाऊल टाकायचा. ओळ लावायची, थांबवायची, मुलांनी म्हणायची. मुलांना परकी भाषा जड जात नाही. त्यांना मराठी तरी कुठे येत असते, ती ऐकतच शिकत असतात. चार दिवसांत सुगंधा झोपेत ते गाणं म्हणते अशी तिच्या आईची तक्रार आली.

हातवारे मी बसवले. पहिल्या ओळीला दोन्ही हात पुढे करून ‘या, या’. दुसऱ्या ओळीला तळवे खाली, ‘बसा, बसा’. तो भिंतीला टेकून बघायचा. मुलांकडे कमी.

“तुम्हाला जपानी किती येतं हो?” मी एकदा विचारलं.

“मशीनपुरतं. ‘तेल कमी आहे’ म्हणता येतं. ‘मशीन थांबवा’ म्हणता येतं. ‘हात सांभाळा’...”

“मग सांभाळा. खडूच्या डब्यावर टेकलाय.”

त्याने हात उचलला. पंजा पांढरा झाला होता. तो माझ्याकडे बघून हसला आणि मी फळ्याकडे वळले... फळ्यावर काहीच लिहायचं नव्हतं, तरी वळले.

आमच्याकडे मुलांना सुकडी वाटायला मालन मावशी होत्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. “नंदे,” त्या म्हणाल्या, “गाणं तर पोरांना कवाच पाठ झालंय. मग हा मास्तर अजून कुनाला शिकवतोय?”

“उच्चार पक्के व्हायला हवेत, मावशी.”

“हो ना. गालावर उच्चार उमटलेत तुझ्या.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने कापडी पिशवी माझ्यापुढे धरली. पिशवीत चिंचोके होते, पण असे की मी आधी ओळखलेच नाहीत. काळेभोर, आरशासारखे. कारखान्यात सुटे भाग घासून चकचकीत करायला एक फिरतं पिंप असतं. जेवणाच्या सुट्टीत त्यात टाकून त्याने ते फिरवले होते.

“फोरमन काही बोलला नाही?”

“विचारलं त्याने, कुठल्या गाडीचा पार्ट आहे म्हणून.”

“मग?”

“बालवाडीच्या गाडीचा म्हटलं.”

मी मूठभर चिंचोके हातात घेतले. ते कोमट होते, बहुतेक त्याच्या खिशाच्या उबेने. 

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पताका लागल्या. पुढे खुर्च्या, मागे पाळी संपवून आलेले कामगार. पाहुणे तिघे. त्यांतले मोठे मियाके साहेब, पांढऱ्या केसांचे, सडसडीत. बरोबर दुभाषी म्हणून दादरची क्षमा नावाची मुलगी, साडीत, चष्मा लावलेली. शरच्चंद्र साहेब हातावर शाल आणि नारळ घेऊन तयार. टेबलावर चहा आणि समोसे झाकून ठेवलेले. आणि माझी मुलं, तेल लावून भांग पाडलेली, दोन रांगांत उभी.

मी खूण केली. मुलांनी सुरू केलं.

पहिल्या ओळीलाच पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदाने. दुसऱ्या ओळीला मियाके साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीला ते अर्धवट उठले. त्याच क्षणी मुलांचे हात पुढे आले, ‘या, या’. ते गोंधळून बसले. मग तळवे खाली, ‘बसा, बसा’. पण तोंडाने मुलं जे म्हणत होती ते ऐकून त्यांचे दोघे सोबती उभे राहिले. त्यांना पाहून मियाके साहेब पुन्हा उठले. क्षमाने तोंडावर हात ठेवला होता. मुलं मात्र रंगात आली होती, सुगंधा तर सगळ्यांत मोठ्याने.

गाणं संपलं. तिघेही पाहुणे मुलांपुढे कमरेत वाकले, वळले आणि सरळ दाराबाहेर निघून गेले.

शाल तशीच, नारळ तसाच, समोसे झाकलेले. जाता जाता क्षमा माझ्याजवळ वाकून म्हणाली, “बाई, हे तिकडे दुकानं बंद होताना लावतात. गिऱ्हाइकांनी आता घरी जावं म्हणून.”

शरच्चंद्र साहेब माझ्यापुढे येऊन उभे राहिले. “आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं,” ते म्हणाले, “पाहुण्यांना दार दाखवायला दोन रांगा लावून मुलं उभी केलेली. शेड विसरा आता.”

मागच्या रांगेत भीमराज उभा होता. चेहरा खडूसारखा पांढरा. मी सगळ्यांदेखत त्याच्यापर्यंत चालत गेले.

“बसा म्हणे,” मी म्हटलं.

“नंदाबाई, मला खरंच वाटलं की...”

“वाटलं असेल, तर वाटलं म्हणायचं होतं. शंभर टक्के का म्हणालात?”

मी आणखी एक पाऊल पुढे सरकले.

“माझ्या बालवाडीत पहिला धडा कुठला आहे माहितेय? अ आ इ नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, हा. सुगंधाला येतो तो धडा. चार वर्षांची आहे ती. तुमचं वय काय?”

“माझं ऐका तरी.”

“ऐकलंच की. रोज ऐकलं. मुलांच्या तोंडून वदवून घेतलं.”

मी चिंचोक्यांची पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि मुलांना घेऊन निघून आले. वाटेत सुगंधा विचारत होती, “बाई, आम्ही चुकलो का?” मुलं चुकली नव्हती. एक शब्द चुकली नव्हती. त्याचाच तर राग होता.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि निळी कॉलर कोपऱ्यावर दिसली.

मी मुलांना म्हटलं, “उभे राहा. जपानी गाणं म्हणा.”

मुलांनी म्हटलं. जोरात. हातवारे मी आदल्या रात्रीच मनातून पुसले होते, पण मुलांना सांगायला विसरले, त्यामुळे त्यांनी तेही केले. तो ओसरीच्या खाली उभा राहून पूर्ण ऐकत राहिला. बोलायला तोंड उघडायचा, की पुढची ओळ यायची. गाणं संपलं तसा कमरेत वाकला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर मुलांना खूणही करावी लागली नाही. तो दिसला की उभीच राहायची. त्यांना तो खेळ वाटत होता. मला नव्हता. तो पाऊस असला तरी यायचा, छत्री मिटून हातात धरायचा, ऐकायचा, वाकायचा, जायचा.

“त्याला पानी तरी विचार,” मालन मावशी म्हणाल्या.

“कशाला? माझ्या मुलांच्या डोक्यावरचं छप्पर घालवलंय त्याने.”

“छप्पर होतंच कुठं, जायला?”

“मिळणार होतं, मावशी.”

“मग राग धर. पन कोपऱ्याकडं रोज कुनाची वाट बघतीस, ते आधी ठरव.”

मी मावशींशी दोन दिवस बोलले नाही.

आठवडा उलटला असेल. दुपारी क्षमा आली. पाहुणे मधल्या काळात पुण्याचे कारखाने बघून परतले होते आणि त्या रात्रीच्या विमानाने जाणार होते. मियाके साहेबांची छत्री शेडमध्ये राहिली होती.

“गंमत अशी,” मावशींनी छत्री आणून दिल्यावर क्षमा म्हणाली, “त्या गाण्यात तीच ओळ आहे. अंधार पडतोय, सावकाश जा, छत्री विसरू नका.”

मला हसू आलं नाही. “पाहुणे फार रागावलेत का?”

“रागावलेत?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही? शेड तर तुम्हाला मिळाली.”

मी तिला ओसरीवर बसायला जागा केली. ती सांगू लागली.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराज पाहुण्यांच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिला होता. शरच्चंद्र साहेब तिथेच होते. त्यांनी हाकललं तरी तो हलला नाही. म्हणाला, चूक माझी, बाईंची नाही, मुलांची तर नाहीच. मग त्याने सगळं सांगितलं आणि क्षमाने ते जपानीत सांगितलं. तिकडे त्याची पाळी उशिरा सुटायची, त्यामुळे दुकानात तो पोचायचा तोच बंद होता होता. सगळी गिऱ्हाइकं बाहेर पडत असायची, हा एकटा आत शिरायचा. विकत काही घ्यायचा नाही. कारखान्यात दिवसभर त्याच्याशी कुणी बोलत नसे, भाषाच नव्हती. दुकानात मात्र गाणं लागायचं आणि मुली वाकायच्या.

“तो म्हणाला,” क्षमा सांगत होती, “माझ्यापुढे जन्मात कुणी असं वाकलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यासाठीच लावतात. म्हणून रोज जायचो.”

“आणि त्या मुली रोज त्याला जा म्हणत होत्या.”

“हो.”

मला इतका राग आला, की समोर ते दुकान असतं तर मी त्याची पायरी चढले असते. एक माणूस रोज संध्याकाळी येतो, कोपऱ्यात उभा राहतो, गाणं ऐकतो. आणि त्याला साधं विचारावं, बाबा रे, तू कोण, कुठला, हे कुणाला सुचू नये? नुसतं गाणं लावायचं आणि दाराबाहेर काढायचं?

मग मला आठवलं, की आमच्या ओसरीवर आठवडाभर काय चाललं होतं. मी क्षमाकडे बघायचं टाळलं.

“मियाके साहेब आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले,” ती म्हणाली. “मग शरच्चंद्र साहेबांना म्हणाले, मुलांना बोल लावू नका. त्यांनी इतकं चोख म्हटलं की माझा पाय आपोआप दाराकडे वळला. एक शब्द जरी चुकला असता, तरी मी बसून राहिलो असतो. ज्या बाईंनी हे शिकवलं त्यांची शाळा मला बघायचीय, असं म्हणाले. तेव्हा तुमच्या साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, शाळा याच शेडमध्ये भरणार आहे म्हणून.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

“दसऱ्याला भाषण करून जाहीर करणार होते वाटतं.”

हा आणखी एक राग. पण तो मी मागे ठेवला, कारण आधीचे बरेच रांगेत होते.

क्षमा उठली. पायरीवर थांबून म्हणाली, “भीमराजचं ‘या, या’ मात्र अगदीच चुकीचं नव्हतं हं. शेवटच्या ओळीत तेच आहे, उद्या पुन्हा या, दार तुमच्यासाठी उघडं असेल.”

भोंगा झाला. मी मुलांना म्हणणार होते, आज गाणं नको. पण कोपऱ्यावर निळी कॉलर दिसली आणि मुलं आपणहून उठली, रांग लावली, सुरूही झाली. “थांबा,” मी म्हटलं. रंगात आलेली मुलं कुठे थांबतात? सुगंधाने तर डोळे मिटून घेतले होते. मी हात वर केला, टाळी वाजवली; ती त्यांना साथ वाटली.

गाणं संपलं. तो वाकला, वळला आणि चालू लागला.

मी चप्पल न घालता ओसरीवरून उतरले. गल्लीत चिखल होता. “कुठे निघालात?”

तो थांबला. “गाणं झालं.”

“शेडचं मला का सांगितलं नाही?”

“सांगायलाच येत होतो. तोंड उघडलं की मुलं सुरू व्हायची.”

“मोठ्याने बोलायचं.”

“वीस पोरांपुढे?”

“चिठ्ठी द्यायची.”

“चिठ्ठी तुम्ही फाडली असती.”

ते खरं होतं. मी विषय बदलला. “आणि दुकानाचं? ते तरी आधी सांगायचं.”

त्याने छत्रीच्या टोकाने चिखलात एक रेघ ओढली. “काय सांगणार... सहा महिने लोक मला जा म्हणत होते आणि मी खूश होतो, हे?”

“त्या मुलींना अक्कल नव्हती,” मी म्हटलं.

“त्यांचं कामच होतं ते. आणि चांगलं वाकायच्या.”

“त्यांची बाजू घेऊ नका.”

तो हसला. किती दिवसांनी. भिंतीआडून मुलांची डोकी दिसत होती, एकावर एक. मालन मावशी त्यांना मागे ओढत होत्या आणि स्वतः पुढे सरकत होत्या.

“मला एक सांगा,” मी म्हटलं. “रोज हाकललं, तरी रोज का आलात?”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “माहीत नाही,” तो म्हणाला.

“आज पहिल्यांदा धडा बरोबर म्हणालात.”

“खरं तर... माहीत आहे.”

“नक्की?”

“या वेळी शंभर टक्के.”

मी खाली बघितलं. माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. बाईमाणसाने भर गल्लीत अनवाणी उभं राहून असलं काही ऐकावं, ते मुलांदेखत... मला राग यायला हवा होता. मी शोधलाही. सापडला नाही.

“त्या गाण्याची शेवटची ओळ जा अशी नाही,” मी म्हटलं. “पुन्हा या, अशी आहे. क्षमाने सांगितलं. आणि आपल्याकडे निघताना माणूस काय म्हणतो?”

“येतो.”

“तुम्ही आठवडाभर नुसतेच वाकून जाताय. एकदा तरी म्हणालात का?”

“येतो,” तो म्हणाला. आणि गेला नाही. खिशातून कापडी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. चिंचोके अजून चमकत होते. आठ दिवस खिशात घेऊन फिरत होता.

पुढच्या वैशाखात त्याच शेडमध्ये आमचं लग्न झालं. सकाळी मी आले तर दाराशी भीमराज पांढऱ्या कपड्यांत उकिडवा बसून चिंचोक्यांनी ‘या’ मांडत होता. तोही उलटा.

“आजच्या दिवशी तरी सरळ मांड,” मी ओरडले. तोवर मी त्याला ‘अरे’ म्हणू लागले होते. “येणाऱ्यांना उलटं दिसणार.”

“माझ्या बाजूने येऊन बघ.”

“मला सतरा कामं आहेत.”

लग्न लागलं. शरच्चंद्र साहेबांनी भाषण केलं आणि शेड आपल्याच प्रयत्नाने मिळाल्याचं सांगितलं. जेवणं झाली. उन्हं उतरली, तरी मंडळी हलेनात. भाड्याची भांडी परत द्यायची होती, मालन मावशी माझ्याकडे डोळे वटारत होत्या. शेवटी मी सुगंधाला खूण केली. मुलं उभी राहिली. या वेळी गाणं अगदी बरोबर वेळेला होतं.

पण हातवारे मी त्यांना विसरायला लावलेच नव्हते. तोंडाने ‘आता घरी जा’ आणि हातांनी ‘या, या, बसा, बसा’. गावाकडच्या मंडळींना जपानी काय ठाऊक. त्यांनी हात पाहिले आणि मांड्या नीट घातल्या. शरच्चंद्र साहेब तेवढे अर्धे उठले, आजूबाजूला पाहून पुन्हा बसले.

“बघितलंस?” मी चिडून भीमराजला म्हटलं. “कुणी उठत नाहीये.”

“दारात उभं राहावं लागतं,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंना. चल.”

तो दाराच्या एका बाजूला उभा राहिला, मी दुसऱ्या. आतल्या बाजूने. आणि मग मला खाली दिसलं. आतून बाहेर जाणाऱ्याला ‘या’ अगदी सरळ वाचता येत होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नुसता कमरेत वाकला. मीही वाकले. तेव्हा कुठे मंडळी एकेक करून उठली, आणि चिंचोक्यांवर पाय पडू नये म्हणून जपून, कडेकडेने बाहेर पडू लागली. जो तो पायाशी बघायचा आणि म्हणायचा, “बरं, येतो हं.”